गाडी पाणी पिते आणि काटा चढतो: जुन्या इंजिनाचं दुखणं शोधायचं कसं?

जुन्या गाडीचा टेंपरेचरचा काटा लाल पट्टीकडे सरकायला लागला की माणसं दोनपैकी एक मार्ग धरतात. काही जण डिकीत पाण्याचा कॅन ठेवतात, दर चार दिवसांनी ओततात आणि गाडी हाकत राहतात. बाकीचे एकेक पार्ट बदलत सुटतात. आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरकडे वाट देणारी झडप), मग पंप, मग रेडिएटर (पाणी थंड करणारी जाळी). पहिल्या मार्गाने इंजिन जातं, दुसऱ्याने पैसे जातात आणि कधीकधी इंजिनही.

मी दुसऱ्या मार्गातला. माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला आठवड्याला अर्धा लिटर पाणी लागायचं. (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला, म्हणजे पाणी आणि कूलंटच्या मिश्रणाला, गॅरेजात सगळे पाणीच म्हणतात, मीही बहुतेक तेच म्हणणार आहे.) रेडिएटर बदलून झाला, पंप बदलून झाला. जमिनीवर थेंब नाही, ऑइल स्वच्छ, सायलेन्सरला धूर नाही. शेवटी ‘हेड खोलू या’, म्हणजे इंजिनचा वरचा भाग उघडू या, असं ठरलं. त्याच्या आदल्या पहाटे सहज टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकलो, तर रेडिएटरच्या खालच्या होजपाशी (रबरी नळीपाशी), क्लिपच्या कडेला एक हिरवा थेंब लोंबत होता. तो सुटला, खालच्या पत्र्यावर पडला आणि तिथेच पसरला. जमिनीपर्यंत पोचायचाच नाही. गाडी गरम करून पुन्हा पाहिलं तर ती जागा ठणठणीत कोरडी. जुनं रबर कडक झालं होतं. रात्री सगळं थंड होऊन आकसलं की फट पडायची, गरम झालं की फुगून बंद व्हायची. आणि गॅरेजात गाडी नेहमी गरमच पोचायची! वीतभर होज आणि एक नवी क्लिप, एवढ्यावर दुखणं संपलं.

तेव्हापासून पाना हातात घेण्याआधी मी एकच गोष्ट ठरवून घेतो. पाणी गेलं म्हणून गाडी तापली, की गाडी तापली म्हणून पाणी गेलं? दोन्ही वेळा शेवटी दिसतं तेच: रेडिएटरला जोडलेली जादा पाण्याची बाटली रिकामी, बॉनेटमधून वाफ. पण पहिल्या प्रकारात गळती शोधायची असते आणि दुसऱ्यात उष्णता बाहेर का जात नाही ते. हा फरक न करता पार्ट बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

रस्त्यात तापली तर

आधी एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा जोरात. उन्हाळ्यात नको वाटतं, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच आहे. तो थोडी उष्णता गाडीच्या आत ओढून घेतो. काटा तरीही खाली येत नसेल तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ‘एवढं पुढचं गॅरेज गाठू’ या नादात अ‍ॅल्युमिनियमची हेडं वाकतात.

रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली असतं. झाकण फिरवलं की दाब सुटतो, पाणी त्याच क्षणी उकळतं आणि तोंडावर येतं. वरचा होज हाताला गार लागून सहज दाबला जाईपर्यंत थांबा, म्हणजे निदान अर्धा-पाऊण तास. इंजिनवर गार पाणी ओतायचं नाही. आतही एकदम भरायचं नाही. तापलेल्या धातूला गार पाण्याचा झटका बसला तर तडा जाऊ शकतो. आणि रेडिएटरच्या विजेच्या पंख्यापासून बोटं लांब ठेवा. चावी काढल्यावरही तो काही गाड्यांत आपोआप सुरू होतो.

एक फसवी गोष्ट. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असला तरच खरं सांगतो. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर उघडा पडला, तर तो हवेचं तापमान दाखवतो आणि काटा चक्क खाली येतो. तापत असलेला काटा एकाएकी पडला आणि हीटरमधून गार हवा यायला लागली, तर सुटलो असं समजू नका, ताबडतोब थांबा.

आठवडाभर नुसतं बघा

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाणी गळ्यापर्यंत आहे का ते पाहा. नुसती बाटली पाहून भागत नाही, का ते पुढे येईल. बाटलीवर मार्करने रेघ मारा. रोज त्याच वेळी पातळी, किती किलोमीटर झाले आणि काटा कुठे चढला, एवढं वहीत लिहा. कंटाळवाणं काम आहे, पण निम्मं निदान इथेच होतं.

काटा कधी चढतो याला फार अर्थ आहे. सिग्नलला, गर्दीत उभं असताना चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो, तर संशय पंख्यावर. पळताना समोरून वारा मिळतो, उभ्या गाडीला तो पंखाच देतो. उलट शहरात ठीक आणि मोकळ्या रस्त्यावर वेगात किंवा घाटात चढतो, तर वारा भरपूर आहे पण पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर तुंबला आहे. सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच चढला तर थर्मोस्टॅट बंद अडकलाय, पाणी खूप कमी आहे किंवा हेड गॅस्केट (हेड आणि इंजिन ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय. आणि काटा कधीच चढत नाही पण बाटली मात्र उतरते, तर ती सरळ गळती, माझ्यासारखी.

झाकण: सगळ्यात स्वस्त, सगळ्यात दुर्लक्षित

पाणी १०० अंश सेल्सियसला उकळतं हे शाळेतलं उत्तर. इंजिनात ते तिथे उकळून चालत नाही, म्हणून दोन उपाय असतात. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी हे मिश्रण मोकळ्यावर सुमारे १०७ अंशांना उकळतं. त्यावर झाकणाने १ बारच्या आसपास दाब धरला की हाच आकडा १२५च्या पुढे जातो. झाकणावर ०.९, १.१ असा बारमधला किंवा १३, १५ असा पीएसआयमधला आकडा छापलेला असतो, तो हा दाब.

झाकणाची स्प्रिंग ढिली झाली की हे सगळं कोसळतं. इंजिनला काहीही झालेलं नसतं, काटाही जेमतेम मध्याच्या वर असतो, पण पाणी उकळून बाटलीतून बाहेर पडतं. मालक म्हणतो, गाडी तापते. मेकॅनिक म्हणतो, हेड गॅस्केट. आणि गुन्हेगार असतं झाकण.

झाकणात दुसरी एक छोटी झडप असते, आत उघडणारी. इंजिन थंड होताना पाणी आकसतं, आत पोकळी होते आणि या झडपेतून बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. ती चिकटली तर पाणी फक्त बाहेर जातं, परत येत नाही. म्हणून बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असं चित्र दिसतं. सकाळी थंड इंजिनचा वरचा होज चपटा, आत ओढल्यासारखा दिसला तर हेच कारण. बाटली आणि झाकण यांच्यातली बारीक नळी चिरलेली असली तरीही पाण्याऐवजी हवा ओढली जाते, तीही तपासा. (ज्या गाड्यांत झाकण बाटलीवरच असतं, तिथे बाटलीच दाबाखाली असते; तिच्या जोडावरच्या केसासारख्या चिरा बघा.)

झाकणाचं रबर चिरलेलं किंवा कडक झालेलं असेल तर विचार न करता त्याच आकड्याचं नवं बसवा. जास्त आकड्याचं बसवून ‘अजून बरं’ होत नाही, जुने होज फाटतात.

पाणी जातं कुठे

गळती शोधायला सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे हातपंपाचा प्रेशर टेस्टर. गॅरेजकडून तासाभरासाठी मागून आणा. इंजिन थंड, झाकणाच्या जागी टेस्टर, आणि झाकणावर असेल तेवढाच दाब भरायचा. १५ मिनिटं थांबा. टेस्टरचा काटा हलला नाही तर थंड अवस्थेत तरी बाहेर गळती नाही. काटा उतरत गेला तर टॉर्च घेऊन थेंब शोधा. थेंब कुठेच सापडत नाही पण दाब उतरतोय, तर पाणी आत जातंय, म्हणजे सिलिंडरमध्ये, ऑइलमध्ये किंवा डॅशबोर्डमागच्या हीटरमध्ये.

टेस्टर नसला तरी डाग बोलतात. कूलंट गरम धातूवर वाळलं की हिरवट, नारिंगी किंवा पांढरी पापडी उरते. होजच्या दोन्ही टोकांना, क्लिपच्या खाली, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी आणि जाळी जिथे जोडलेली असते त्या घडीवर ती शोधा. इंजिन ब्लॉकच्या बाजूला गोल वाटीसारखे वेल्च प्लग ठोकलेले असतात. साधं पाणी भरून वर्षानुवर्षं चालवलेल्या गाडीत ते आतून गंजतात आणि मॅनिफोल्डच्या (इंजिनला जोडलेल्या हवा-धुराच्या नळ्यांच्या) मागे, जिथे नजर पोचत नाही तिथूनच झिरपतात. एक छोटा आरसा काडीला बांधून बघा.

वॉटर पंपाच्या खाली मुद्दाम एक भोक ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये जाऊ नये, तिथून बाहेर पडावं म्हणून. तिथून डाग ओघळलेला दिसला तर पंप गेलाच. ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्यानंतर बेअरिंग किती दिवस टिकतं ते विचारू नका.

गाडीत गोडसर वास, काचेवर आतून तेलकट वाफ आणि पायाखालचा गालिचा ओला, ही तीन लक्षणं हीटरची. एसीचं पाणीही पायाखाली येतं, पण ते बोटांना चिकट लागत नाही. सांडलेलं कूलंट मात्र लगेच पुसा. ते विषारी असतं, आणि गोड चवीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात.

पाणी भरलेलं आहे, तरी तापते

आता दुसरी बाजू. सुरुवात पंख्यापासून, कारण ते तपासणं सोपं. विजेचा पंखा असेल तर इंजिन चालू ठेवून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसीबरोबर पंखा फिरायलाच हवा. नाही फिरला तर आधी फ्यूज, मग रिले. मग पंख्याच्या मोटरला बॅटरीवरून थेट वायर जोडून बघा. तरीही नाही फिरला तर मोटर गेली. थेट जोडल्यावर फिरला तर मोटर निर्दोष, दोष स्विच, रिले किंवा वायरिंगचा. एक गंमत सांगतो: मोटर बदलताना दोन वायरी उलटसुलट लागल्या तर पंखा उलटा फिरतो. आवाज येतो, पाती फिरताना दिसतात, सगळे समाधानी, आणि गाडी तापतच राहते. पंखा रेडिएटरच्या मागे असेल तर समोरच्या जाळीशी कागद धरा. तो आत ओढला जाऊन चिकटला पाहिजे.

पट्ट्यावर फिरणाऱ्या जुन्या पंख्याला मध्ये विस्कस कपलिंग, म्हणजे घट्ट तेलाच्या जोरावर पंखा फिरवणारा जोड, असतं. इंजिन बंद असताना हाताने फिरवलं तर थोडं जड लागायला हवं. अगदी मोकळं भिरभिरलं किंवा कपलिंगभोवती तेलाचे शिंतोडे दिसले तर त्यातलं सिलिकॉन तेल गेलं. पंख्याभोवतीचं प्लास्टिकचं कडं जागेवर आहे ना तेही बघा. कुठल्यातरी दुरुस्तीत ते काढलं जातं आणि परत बसवायचं राहून जातं. मग पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच घुसळत बसतो.

थर्मोस्टॅट काढून घरी तपासता येतो. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. जुन्या भांड्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्याने मध्ये लोंबता ठेवा, तळाला टेकवू नका, शेजारी थर्मामीटर धरा आणि गॅस लावा. कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे, आणि पाणी उकळायला येईपर्यंत पूर्ण उघडला पाहिजे. उशिरा उघडला, अर्धवट उघडला, वाकडा उघडला, तर टाकून द्या. बसवताना मेणाची कुपी आणि स्प्रिंग इंजिनच्या बाजूला, आणि हवा जायचं छोटं भोक असेल तर ते वर.

‘थर्मोस्टॅट काढूनच टाका, गाडी थंड राहील’ हा सल्ला प्रत्येकाला कधी ना कधी मिळतो. मला तो पटत नाही. इंजिन थंडच चालतं, पेट्रोल जास्त खातं, झिजतं. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना त्याचा तळ बायपासचा, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारा, रस्ता बंद करतो. तो काढला की बरंचसं गरम पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधून परत इंजिनात शिरतं, म्हणजे घाटात गाडी आणखी तापते.

रेडिएटर बाहेरून आणि आतून, दोन्हीकडून तुंबतो. एसीची जाळी पुढे आणि रेडिएटर तिच्या मागे असतो. दोघांच्या बोटभर फटीत किडे, पिसं, माती यांचा नमद्यासारखा थर साचतो, जो पुढून दिसतच नाही. वरचे बोल्ट सैल करून फट उघडा आणि पाणी इंजिनच्या बाजूने पुढे मारा, हलक्या हाताने. जोरात मारलं तर पत्र्या वाकतात. आतला क्षार बाहेरून दिसत नाही, पण गरम इंजिनवर इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवरून फिरवला तर कळतो. तापमान एका टोकाकडून दुसऱ्याकडे सावकाश उतरत जायला हवं. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. जुना पितळी रेडिएटर रॉडिंग करून, म्हणजे नळ्यांतून सळई फिरवून, साफ होतो. प्लास्टिकच्या टाक्यांच्या अ‍ॅल्युमिनियम रेडिएटरवर मी मेहनत घालत नाही, बदलतो.

पंप न गळताही नापास होऊ शकतो. आतलं पातं गंजून झिजतं किंवा दांड्यावरून सुटतं. आयडलिंगला हीटर गार आणि रेस दिल्यावर गरम, हे त्याचं एक लक्षण; पाणी कमी असलं तरी असंच होतं, म्हणून आधी पातळी बघा. रेस देताना खालचा होज आत चपटा होतोय का तेही कुणाला तरी बघायला सांगा. आणि हे सगळं ठीक निघालं तर थंडपणाच्या यंत्रणेबाहेर बघा: चिकटलेले ब्रेक, मागे गेलेलं इग्निशन टायमिंग (ठिणगी उशिरा पडणं), तुंबलेला सायलेन्सर. इंजिन विनाकारण जास्त राबत असेल तर रेडिएटर काय करणार?

हेड गॅस्केटची भीती

ऑइलच्या झाकणाखाली पिवळट साय दिसली की लोक हादरतात. थांबा. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत ऑइल पुरेसं तापत नाही आणि वाफेचं पाणी होऊन झाकणाखाली तशी साय धरते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल तर एकदा लांबचा फेरा मारून पुन्हा पाहा. डिपस्टिकवरही कॉफीसारखं दुधाळ दिसलं, तर मात्र इंजिन सुरूही करू नका.

खात्रीच्या चाचण्या वेगळ्या. पूर्ण थंड इंजिन सुरू करा आणि मिनिटभरात वरचा होज दाबून बघा. होज अजून गार आहे पण दगडासारखा कडक झालाय, तर तो दाब वाफेचा नाही, सिलिंडरमधल्या वायूचा आहे. झाकण उघडं ठेवून सुरू केलं आणि पाण्यात न थांबता बुडबुडे येत राहिले तरी तेच. स्पार्क प्लग काढा. बाकीचे तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय. शेजारच्या दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) कमी निघालं तर गॅस्केट बहुधा त्या दोघांच्या मधेच फुटलंय.

सगळ्यात स्वच्छ पुरावा निळ्या द्रवाच्या चाचणीचा. रेडिएटरच्या तोंडावर बसवायच्या नळीत निळा द्रव असतो. पाण्यावरची हवा त्यातून ओढायची. त्या हवेत सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. नळीत कूलंट ओढलं जाऊ नये म्हणून पातळी आधी थोडी कमी करा. हेड खोलायला होकार देण्याआधी ही चाचणी मागाच. आणि खोललंच, तर नुसतं गॅस्केट बदलून बंद करू देऊ नका. हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून बघायला लावा. अनेक इंजिनांत मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतका, म्हणजे ०.०५ मिलिमीटर वाक सुद्धा मर्यादेवर असतो. मॅन्युअलमधल्या आकड्यापेक्षा जास्त निघाला तर फेसिंग, म्हणजे हेडचा पृष्ठभाग मशीनवर सपाट करून घेणं, करावंच लागतं.

गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव मी घालत नाही. तो गळतीचं भोक आणि हीटरच्या बारीक नळ्या यांत भेद करत नाही.

परत भरताना

नळाचं पाणी नको. क्षार तिथूनच येतो. डिमिनरलाइज्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिश्रण. रंग पाहून कूलंट निवडू नका. रंग कंपनी ठरवते, त्याला एकच असा नियम नाही, आणि काही प्रकार एकमेकांत मिसळले की गाळ धरतात. जुनं काय होतं ते माहीत नसेल तर सगळं काढून, साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन मगच नवं भरा.

भरताना गाडीचं तोंड थोडं चढावर ठेवा, हीटर गरमवर करा, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा आणि सावकाश ओता. झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलिंगला चालवा, अधूनमधून वरचा होज दाबत राहा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते. तेवढं पुन्हा भरा. बुडबुडे थांबले आणि हीटरमधून सलग गरम हवा आली की झाकण लावा. घाईत झाकण लावलं तर आत हवा अडकते, आणि नवा पार्ट घालूनही गाडी तापली असं वाटून सगळा शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

पुढच्या दोन दिवसांत उरलीसुरली हवा निघून पातळी थोडी उतरेल, तेवढी एकदा भरा आणि बाटलीवर नवी रेघ मारा. दुसऱ्या आठवड्यात रेघेखाली गेली तर परत प्रेशर टेस्टर. नवा होज बसवला असेल तर इंजिन दोन-चारदा गरम-थंड झाल्यावर क्लिपा अर्धा आटा पुन्हा आवळा, तेही इंजिन थंड असताना. पहाटे, टॉर्च घेऊन, जमलं तर उत्तमच.